काचेला पाजलेलं पाणी

विभागप्रमुखांनी मला पहिल्या दिवशी रसायनशास्त्रातलं काहीच विचारलं नाही. गाव विचारलं. मी नांदेड म्हणाले.

"नांदेडात कुठं?"

"किनवट तालुका."

"किनवटात कुठं?"

"इस्लापूर."

"इस्लापुरात कुणाकडच्या?"

माझं आडनाव त्यांच्यासमोरच्या कागदावर होतं. पण आमच्या भागात ते आडनाव दोन्हीकडे सापडतं, त्यामुळे त्यांचं समाधान होत नव्हतं. मीच त्यांची अडचण सोडवली. म्हणाले, "आम्ही बौद्ध. वडील प्राथमिक शाळेत मास्तर आहेत."

"असं होय," ते म्हणाले. "मला तसं काही नसतं हां." आणि मग चहा आला. त्यांना कपबशी, मला काचेचा ग्लास. परिचर ग्लास ठेवून गेला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. या दोघांबरोबर आपल्याला दिवस काढायचे आहेत, हे मला तो चहा संपेपर्यंत कळलं होतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जो भेटेल त्याची छाती दोन इंच पुढे. कचेऱ्यांवर नवे फलक लागत होते, रंग ओला असतानाच लोक ते बघायला उभे राहत. आमच्या महाविद्यालयालाही जिल्ह्याचं महाविद्यालय म्हणून मिरवायची घाई झाली होती. विज्ञानाची नवी इमारत उभी राहिली, तिच्यात सेंद्रिय रसायनाची वेगळी प्रयोगशाळा झाली, प्रत्येक टेबलाला पितळी तोट्या बसल्या. तोट्यांना पाणी मात्र नव्हतं. पाऊस पळाला होता. आवारातली विहीर तळाला गेली होती, शहरात नळ कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि महाविद्यालयाच्या हौदात टँकर पडला की परिचर हौदाच्या झाकणावरच बसून राहायचा, कोंबडी अंड्यांवर बसावी तसा.

स्टाफरूममध्ये माठ होता. इतर लोक स्वतः उठून पाणी घ्यायचे. मी उठले की परिचर कुठूनतरी उगवायचा आणि ओगराळ्याने वरून माझ्या ओंजळीत पाणी सोडायचा. म्हणे, "सांडू नये म्हणून." दुष्काळाचा असाही उपयोग असतो. मी घरून कॅन आणायला लागले. तेव्हा प्रमुख चारचौघांत म्हणाले, "मॅडमना आमचं पाणी चालत नाही." लोक हसले.

मला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एक बॅच मिळाली, दुसरी प्रमुखांची. या मुलांना सेंद्रिय संश्लेषण शिकवायचं होतं. म्हणजे एक पदार्थ घ्यायचा, त्याच्यावर दुसऱ्याची क्रिया करायची, आणि आधी नसलेला तिसरा पदार्थ स्वतःच्या हाताने घडवायचा. मग तो गाळायचा, स्वच्छ करायचा, वाळवायचा, आणि तो खरोखर तोच आहे का हे त्याच्या वितळणबिंदूवरून तपासायचं. मुलं याला 'प्रिपरेशन' म्हणत. पुस्तकात दोन ओळींत संपणारी ही गोष्ट टेबलावर तीन तास घेते, आणि त्या तीन तासांत मुलाला जेवढं रसायनशास्त्र कळतं तेवढं माझ्या वर्षभराच्या व्याख्यानांतून कळत नाही. हे मला नांदेडला माझ्या शिक्षकांनी शिकवलं होतं, आणि माझा त्याच्यावर विश्वास होता. आजही आहे.

पहिल्या महिन्यातच मी एकदा स्टोअररूममध्ये आम्ल आणायला गेले. परिचर मांडी घालून खलबत्त्यात काहीतरी कुटत होता. शेजारी औषधाच्या दुकानातल्या गोळ्यांचा डबा होता. अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"प्रिपरेशन करून राहिलो," तो म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग मला सगळी पद्धत कळली. इथे कुणीच काही घडवत नव्हतं. मुलं कृती लिहून काढत, परिचर प्रत्येकाला भुकटीची एक पुडी देई, आणि मुलं ती 'मी तयार केलेला पदार्थ' म्हणून दाखवत. परीक्षेतही हेच. पांढरी शुभ्र पुडी, भरघोस गुण. मुलं खूश, पालक खूश, प्राचार्य खूश. प्रमुखांचा निकाल दरवर्षी विद्यापीठात डोळ्यांत भरायचा.

मी प्रमुखांकडे गेले. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "मॅडम, ही पोरं कुठं शास्त्रज्ञ होणार आहेत? कुणी बँकेत जाईल, कुणी मास्तर होईल. त्यांना मार्क लागतात. तुम्हाला तर मार्कांचं महत्त्व माहीतच असेल. की तुमच्यात त्याच्याशिवायही भागतं?"

त्या वाक्यातलं शेवटचं टोक मला बरोबर लागलं. माझी पदवी पहिल्या वर्गाची होती आणि त्यांची नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी ते बोलून दाखवलं. त्या दिवसापासून आमच्यात उघड वैर सुरू झालं, आणि मला ते वरवरच्या गोडव्यापेक्षा बरं वाटलं.

माझ्या बॅचला मी सांगितलं की पुड्या बंद. मुलांना आनंद होईल असं मला वाटलं होतं, पण मुलं चिडली. त्यांचंही बरोबर होतं. पलीकडच्या बॅचला आयतं मिळणार, आणि यांनी हात भाजून घ्यायचे. औशाहून एसटीने येणारी एक मुलगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, आम्हाला सरांच्या बॅचमध्ये टाका." मी नाही म्हणाले. ती धप्पकन खाली बसली आणि महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

प्रमुखांना दुष्काळाने आयतंच निमित्त दिलं. त्यांनी तोंडी फर्मान काढलं की प्रयोगशाळेला पाणी मिळणार नाही. वरवर पाहता यात काही चूक नव्हती. प्रयोगाला पाणी लागतंच. चंबूत द्रव तासभर उकळत ठेवायचा तर वर कंडेन्सर लावतात. काचेच्या नळीभोवती दुसरी नळी, आणि मधून थंड पाणी वाहतं. वाफ वर जाते, थंड होते, थेंब थेंब परत चंबूत पडते. ते पाणी तोटीतून येऊन मोरीत जातं, तासाभरात हंडेच्या हंडे. शहरात बायका टँकरमागे धावत असताना मी असं पाणी सोडलं असतं तर मीच स्वतःला माफ केलं नसतं.

म्हणून मी वेगळी सोय केली. एक बादली कपाटावर ठेवली, एक खाली फरशीवर. रबरी नळीने वरच्या बादलीतलं पाणी कंडेन्सरमधून खाली यायचं आणि खालच्या बादलीत पडायचं. वरची रिकामी झाली की बादल्यांची अदलाबदल करायची. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. थोडं कोमट व्हायचं, पण काम भागायचं. ते पाणी मी आठवडाभर वापरायचे. भांडी राखेने आणि वाळूने घासायला लावली. आणि ते पाणीही हौदातलं नव्हतं. मी राहायचे त्या खोलीची घरमालकीण वापरायला बोअरचं पाणी द्यायची. पिण्याजोगं नव्हतं, इतकं खारट. मी रिक्षातून दोन कॅन आणायचे.

तरी मॅडम प्रयोगशाळेत पाणी उधळतात अशी बातमी पसरली. ती परिचराने पसरवली हे मला ठाऊक आहे, आणि त्याने ते नाकारलंही नाही. एका दुपारी प्रयोगशाळेच्या दारात पंधरावीस मुलं येऊन उभी राहिली. पुढे माझ्याच बॅचमधला एक उंच मुलगा होता. रेणापूरकडच्या एका खेड्यातला, घरची जमीन असलेला, कॉलेजात ज्याचं ऐकलं जायचं असा. माझ्या तासाला तो मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघायचा. दुष्काळ पडल्यापासून रोज सकाळी एसटीच्या टपावर रिकामे कॅन टाकून यायचा आणि संध्याकाळी भरून न्यायचा.

"मॅडम," तो म्हणाला, "आमच्या गावात माणसाला प्यायला न्हाई. जनावरं छावणीत नेऊन बांधली. अन् तुम्ही इथं काचेला पाणी पाजून राहिल्या?"

मागून कुणीतरी ओरडलं, "फुकट मिळतं ना समदं त्यांना! नोकरी बी अन् पाणी बी!"

मी दारातून हलले नाही. भीती वाटत होती. मी दाराची चौकट धरून उभी होते. मागे चंबू उकळत होता. औशाची मुलगी त्याच्याजवळ उभी होती, तिने स्टोव्ह बंद केला नव्हता.

"तू एकटा आत ये," मी त्याला म्हणाले. "बाकीचे बाहेर. आणि मागचा जो बोलला त्याने पुढे येऊन माझ्या तोंडावर बोलावं."

मागचा पुढे आला नाही. रेणापूरचा आत आला.

"ही नळी बघ. कुठून येते?"

त्याने वर बघितलं. कपाटावरची बादली दिसली.

"कुठं जाते?"

त्याने खाली बघितलं. मग तो नळीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेला. खालची बादली भरली तशी त्या मुलीने ती उचलून वर ठेवली आणि रिकामी खाली घेतली. त्याने बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"मचूळ हाय."

"बोअरचं आहे. तुमच्या हौदातला एक थेंब नाही."

त्याने बोट शर्टाला पुसलं. पण तो हार मानणाऱ्यातला नव्हता. "आज न्हाई सांडलं," तो म्हणाला, "उद्या सांडंल," आणि निघून गेला. मुलं पांगली. मी प्रमुखांच्या खोलीसमोरून मुद्दाम सावकाश चालत गेले. दार अर्धवट उघडं होतं. ते आत बसून सगळं ऐकत होते.

दोन आठवड्यांनी रेणापूरचा प्रॅक्टिकलला आला. माफी वगैरे काही मागितली नाही. हजेरी कमी पडत होती म्हणून आला, असं त्याने स्वतःच सांगितलं. मी त्याला विंटरग्रीनचं तेल दिलं. कमरेला चोळायच्या मलमाला जो वास येतो तो या तेलाचा. ते अल्कलीबरोबर तासभर उकळायचं, थंड करायचं, आणि त्यात थोडं थोडं आम्ल घालायचं. तो सगळं कपाळावर आठ्या घालूनच करत होता. चंबू धरताना त्याला चटका बसला, तेव्हा त्याने मला ऐकू येईल अशी शिवी हासडली. मी ऐकलं नाही असं दाखवलं नाही. म्हटलं, "शिवीने थंड होणार नाही, फडकं घे."

आम्ल पडलं आणि बीकरमधला पाण्यासारखा नितळ द्रव एकदम पांढरा झाला, दूध नासावं तसा. मग घट्ट होत गेला. कांडी उभी राहील इतका घट्ट. तो दोन पावलं मागे सरला.

"हे कुठून आलं?" तो म्हणाला.

"तूच सांग."

मी फळ्यावर रेणू काढला. तेलाच्या रेणूचा कुठला तुकडा तुटला, कुठला उरला, उरलेला तुकडा पाण्यात का विरघळत नाही. गेले सहा महिने मी हीच आकृती फळ्यावर काढत होते आणि तो खिडकीबाहेर बघत होता. आज तो फळ्याकडे आणि बीकरकडे आळीपाळीने बघत होता. पुढच्या आठवड्यात त्याच पांढऱ्या पदार्थापासून त्याने अ‍ॅस्पिरिन केलं. वाळल्यावर चिमूटभर कागदात बांधून खिशात घालायला लागला. मी म्हटलं, ते इथेच जमा करायचं असतं.

"न्हाई," तो म्हणाला. "हे मी केलंय."

मी नेऊ दिलं. त्याला माझ्याबद्दल प्रेम वाटायला लागलं, असं कुणी समजू नये. बाहेर भेटला तर तो मान फिरवून जायचा, शेवटपर्यंत.

परीक्षा उन्हाळ्यात झाली. बहिस्थ परीक्षक नांदेडकडच्या एका महाविद्यालयातले वयस्क प्राध्यापक होते, कमी बोलणारे, कमी ऐकू येणारे. प्रमुखांनी आधीच ठरवून सगळ्या उमेदवारांना एकच पदार्थ लावला, अ‍ॅस्पिरिन. आणि परीक्षक चहाला गेल्यावर परिचर टेबलाटेबलावरून फिरला. माझ्या बॅचच्या टेबलांवरही त्याने पुड्या ठेवल्या.

मी प्रमुखांना म्हणाले, "माझ्या मुलांना गरज नाही."

"तुमची मुलं?" ते हसले. "विचारा त्यांना."

मी विचारलं नाही, नुसतं बघितलं. बहुतेकांनी पुड्या उघडल्या. औशाच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, खाली मान घातली आणि पुडी उघडली. मला तिचा राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि तो घालवायची मला गरजही वाटलेली नाही. रेणापूरच्याने पुडी उचलून परिचराच्या शर्टाच्या खिशात परत कोंबली आणि स्टोव्ह पेटवला. आणखी तिघांनी त्याचं बघून स्वतःचं करायला घेतलं.

परीक्षक परत आले. वेळ संपत आली तसे एकेक पदार्थ बघत चालले. पांढरा शुभ्र, पांढरा शुभ्र, पांढरा शुभ्र. रेणापूरच्याचा जरा मळकट होता, आणि थोडा. प्रमुख सोबत चालत होते. ते मोठ्याने म्हणाले, "हा बघा सर, याला जमलेलं नाही. वर्षभर नीट शिकवलं गेलं नाही की असं होतं."

परीक्षकांनी त्याच्या पदार्थावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला. फिकट जांभळा रंग आला.

"अशुद्ध," प्रमुख म्हणाले. "मूळ पदार्थ तसाच शिल्लक आहे. शून्य द्या."

"सर," रेणापूरचा म्हणाला, "माझं घाण असंल, पर माझं हाय. ह्यांचं समद्यांचं दुकानातलं हाय."

प्रमुखांनी हात उगारला. खरंच उगारला, परीक्षकांसमोर. मग भानावर येऊन खाली घेतला आणि म्हणाले, "याला बाहेर काढा."

परीक्षकांना सगळं ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्यांनी शेजारच्या टेबलावरची शुभ्र भुकटी चिमूटभर घेतली, परीक्षानळीत पाण्याबरोबर उकळली, थंड केली आणि आयोडीनची बाटली मागितली. बाटली मी दिली. थेंब पडला आणि नळी गडद निळी झाली, शाईसारखी. गोळी बांधायला कारखान्यात स्टार्च घालतात, आणि स्टार्चला आयोडीन निळं करतं. हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. परीक्षकांनी दुसऱ्या टेबलावरची भुकटी घेतली. निळी. तिसऱ्या. निळी. मग रेणापूरच्याची घेतली. आयोडीनचा पिवळट तपकिरी रंग तसाच राहिला.

"अशुद्ध आहे," परीक्षक प्रमुखांना म्हणाले, "म्हणजे यानेच केलंय."

त्या क्षणी मला आनंद झाला. चांगल्या माणसाला व्हावा तसला नव्हे. प्रमुखांच्या मानेवर घाम सुटलेला मी बघितला आणि मला तो बघतच राहावंसं वाटलं.

पण आनंद तेवढाच. परीक्षक आणि प्रमुख प्राचार्यांच्या खोलीत गेले, दार लागलं. बाहेर आले तेव्हा परीक्षक माझ्याकडे न बघता गाडीत बसले. निकालात सगळे पास झाले. पुडीवाल्यांना नेहमीसारखे भरघोस गुण, रेणापूरच्याला काठावरचे. तो गुणपत्रिका घेऊन माझ्या टेबलासमोर आला, ती उलटी करून ठेवली आणि म्हणाला, "बघा तुमचं शिक्षण." मी म्हणाले, "तू शिकलास की नाही?" तो म्हणाला, "शिकलो," आणि गुणपत्रिका उचलून चालता झाला. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही.

मला प्राचार्यांनी बोलावलं. नेमणूक तात्पुरती होती, ती पुढे चालू ठेवता येत नाही, असं सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, "विभागात जमवून घेता यायला पाहिजे. नवा जिल्हा आहे, संस्थेचं नाव व्हायचंय." प्रमुखांनी निरोपाचा कार्यक्रम ठेवला, तो त्यांना टाळता आला असता. भाषणात म्हणाले की मॅडम हुशार आहेत, पण त्यांच्या मनात समाजाबद्दल कटुता आहे. मी उभी राहिले आणि म्हणाले, "समाजाबद्दल नाही सर. तुमच्याबद्दल." टाळ्या अर्थातच कुणी वाजवल्या नाहीत. मी हार तिथेच खुर्चीवर ठेवला.

पुढे मला नांदेडला नोकरी मिळाली, कायमची. तिथेही पहिल्या दिवशी गाव विचारलंच, पण मी आता तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत नसे, 'आम्ही बौद्ध' हे आधीच सांगून टाकायचे. तिथे मी निवृत्तीपर्यंत शिकवलं.

अलीकडेच लातूरहून एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. प्रमुख वारले होते. त्यांचे विद्यार्थी मोठी शोकसभा घेणार होते. "तुम्हीही चार शब्द बोला," तो म्हणाला. "गेलेल्या माणसाशी काय वैर."

"गेला म्हणून काय झालं," मी म्हणाले. "मला जमणार नाही. त्या दिवशी प्रॅक्टिकल आहे."

खरोखरच होतं. निवृत्तीनंतरही इथलं महाविद्यालय मला अधूनमधून प्रॅक्टिकलला बोलावतं. त्या दिवशी पहिल्या बाकावरच्या मुलीने चंबू गरम असतानाच घाईने बर्फात ठेवला होता, आणि त्यात स्फटिकांऐवजी तेलकट गोळा झाला होता. ती म्हणाली, मॅडम, चालेल ना एवढं? मी म्हटलं, चालणार नाही, गरम करून विरघळव आणि सावकाश निवू दे. तिने माझ्याकडे रागाने बघितलं. मी खुर्ची ओढून तिच्या टेबलापाशी बसले.